दुसरी सवाष्ण

॥ श्री ॥

जठारपेठ, अकोला
९ जून २०२५

चि. अश्लेषा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक. उन्हाने यंदा जीव नकोसा केला. कूलरमध्ये पाणी ओता, तो फुरफुर करतो आणि वारा मात्र शेजारच्यांच्या खिडकीत जातो. कानाचं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारून राहिलं आहे, म्हणून फोन करत नाही. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते, हे तुला माहीत आहे. आपलं पत्रच बरं.

तुझं ‘नवमीचा घास’ वाचून झालं. आमच्या महिला वाचन मंडळात दर शनिवारी ज्योत्स्नाच्या हॉलमध्ये एकजण मोठ्याने वाचते आणि बाकीच्या ऐकतात. पुस्तक मीच नेलं होतं, मोठ्या तोऱ्यात. माझी भाची, अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि फावल्या वेळात कादंबऱ्यांमध्ये माणसं मारते, असं सांगून सगळ्यांना पेढे वाटले. मला जवळून ऐकू यावं म्हणून वाचणारीच्या शेजारची खुर्ची धरली.

सुरुवातीला मजा आली. भिक्षुकाचं घर, दोन जावा, धाकटीला मारणारा तिचा नवरा, सगळं ओळखीचं वाटलं तरी मी मनाशी म्हटलं, लिहिणारे घरातलंच उचलतात. मग एका शनिवारी आलं की ती थोरली जाऊ घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवते. वाचणारी थांबली. ज्योत्स्नाने माझ्याकडे पाहिलं. तुझी आजी, आपली माई, शेवटची वर्षं माझ्याकडे होती. या गल्लीतल्या एकूण एक बाईने, दूधवाल्याने, मीटर बघायला आलेल्या माणसाने माईच्या हातचा गूळ खाल्ला आहे. पुढच्या शनिवारी त्याच गुळात धोतऱ्याचं बी निघालं आणि धाकटी जाऊ मेली.

तेव्हा कुणीतरी मला विचारलं की अनसूयाताई, असं खरंच घडलं होतं का तुमच्या घरी. मी यंत्राला हात लावला आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं. ऐकू चांगलं आलं होतं.

अशू, तू माईला खुनी केलंस. नाव बदललंस, पण तिची डावी भुवई, तिचं चुलीशी पुटपुटणं, तिचा गूळ, सगळं तसंच ठेवलंस. मला त्या हॉलमधून घरी येताना मान वर करवेना. अकोल्यात माईला जो डाग लागला तो तूच पुसला पाहिजेस. कसं ते तू बघ, लिहिणारी तू आहेस.

राग आहे, पण माया आटलेली नाही, हे समजून असावे.

तुझी,
अनसूया आत्या

अमरावती
१६ जून २०२५

ती. आत्यास,
अश्लेषाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि हसू की रडू ते कळेना. आत्या, अगं ती कादंबरी आहे. पहिल्याच पानावर छापलं आहे की सर्व पात्रे काल्पनिक. तुझ्या मंडळातल्या बायकांना वाचता येतं, तर ते पानही वाचायला सांग.

तरी तुला वाईट वाटलं याचं मलाही वाईट वाटतं. हे पुस्तक सुचलं कसं ते सांगते, म्हणजे राग थोडा उतरेल. आपल्याकडे पितृपक्षात अविधवा नवमीला दोन सवाष्णी जेवायला बोलावतात. नवरा जिवंत असताना ज्या बायका गेल्या, त्यांच्या नावाने त्या जेवतात. घरातून अशा जितक्या गेल्या तितकी पानं. पहिली सवाष्ण पणजीची, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरी कुणाची? अद्वैतला विचारलं तर माझा हा भाऊ म्हणाला, बाबा करायचे म्हणून मी करतो. बाबा असताना त्यांना विचारलं होतं, तेव्हा म्हणाले की माईची धाकटी जाऊ, वच्छलाकाकू, माहेरी मूर्तिजापूरला गेली आणि तिथेच तापाने वारली.

मी वंशावळ करायला घेतली तेव्हा आपल्या गावच्या, चांदूर बाजारच्या नोंदी पाहिल्या. पणजीचा मृत्यू आहे, काकूचा नाही. मूर्तिजापूरला गेले. तिथेही नाही. काकू तिथे पोचल्याचंच कुणाला माहीत नाही. म्हणजे बाई सासरहून निघाली आणि माहेरी आलीच नाही, आणि तरी घरात तिच्या नावाचं पान मांडलं जातं. मृत्यू आहे, पण मेल्याची जागा नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

आता माईच का, तर धंद्यातली गोष्ट सांगते. खुनी तोच असावा लागतो ज्याच्यावर वाचकाचा जीव जडला आहे. मी डोळे मिटले की असं एकच माणूस समोर येतं. माईसारखी प्रेमळ बाई मला बनवून काढता आली नसती, म्हणून ती होती तशी उचलली. हे एका परीने कौतुकच समज.

दुसरी आवृत्ती छापायला जाते आहे. तुझ्या ज्योत्स्नाताईंचा फोन आला होता, २ ऑगस्टला मंडळात लेखिकेशी गप्पा ठेवल्या आहेत, कार्डंही छापणार म्हणाल्या. मी हो म्हटलं आहे. त्या दिवशी तुझ्याकडेच जेवेन.

आणि आत्या, तुला खरं काही माहीत असेल तर सांग ना. दुसरी सवाष्ण कशी गेली?

रुसवा जठारपेठेतच ठेवून मला पूर्वीसारखीच आपली म्हणावे.

तुझी,
अशू

जठारपेठ, अकोला
२२ जून २०२५

चि. अश्लेषा हिस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. कौतुक पोचलं नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर मी देणार नाही. पुन्हा विचारू नकोस, आणि अद्वैतलाही विचारू देऊ नकोस. दुसरी आवृत्ती छापू नकोस, एवढंच सांगते. कारण विचारशील तर कारणही सांगणार नाही.

मी मंडळात जाणं बंद केलं आहे. भाजीवाल्याकडे ज्योत्स्ना भेटली. माझा दंड धरून म्हणाली की ताई, तुमच्या आईने केलं त्यात तुमचा काय दोष. तिने ते फार मायेने म्हटलं. मेथीची जुडी घेतली आणि घरी आले.

तब्येतीला जपावे.

आत्या

ता. दर्यापूर, जि. अमरावती
२८ जून २०२५

आदरणीय अश्लेषाताई यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. प्रकाशकांकडून पत्ता मिळवून लिहीत आहे. माझं नाव पौर्णिमा. आमचं शेतकरी कुटुंब आहे, मी डी. एड. केलं आहे आणि सध्या घरीच शिकवण्या घेते. माझ्या आजीला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, म्हणून दुपारी मी तिला पुस्तकं वाचून दाखवते. गोष्ट आपल्या भागातली आहे म्हणून वाचनालयातून ‘नवमीचा घास’ आणलं होतं.

गुळाचा प्रसंग आला तेव्हा आजीने तो पुन्हा वाचायला लावला. मग नवमीला दोन सवाष्णी बसतात ते पान आलं. ते ऐकल्यावर तिने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मिटलं आणि म्हणाली की यातली मेलेली बाई मी आहो.

ताई, मला वाटलं वयामुळे बोलून राहिली. पण तिने तुमच्या घरातल्या सगळ्यांची नावं सांगितली. तुमच्या वडिलांचं हरिहर, पुस्तकावर तुमच्या नावात आहे तेच, आणि आत्यांचं अनसूया. माझ्या आजीचं नाव वच्छला. आमच्या घरी सगळ्यांना इतकंच माहीत आहे की ती पोरकी होती आणि आजोबांच्या मावशीने तिला सांभाळलं. तिचं आधी एक लग्न झालं होतं हे माझ्या वडिलांना माहीत नाही, काकांनाही नाही. आजोबा, म्हणजे पुंजाराम, आता हयात नाहीत. त्यांना माहीत होतं.

आजी म्हणते की तिचा नवरा तिला फार मारायचा, आणि माईंनी तिला जीव वाचवून घराबाहेर काढलं. माईंनी मारलं असं छापलेलं ऐकून तिने दोन दिवस नीट खाल्लं नाही. तिची विनंती आहे की माईंबद्दलचं ते तुम्ही पुसावं. पण तिचं नाव कुठेही येऊ देऊ नये. माझे वडील श्यामराव कडक आहेत. म्हातारपणी तिला घरात मान खाली घालायला लागू नये.

हे मी तुम्हाला लिहिलं हेसुद्धा कुणाला सांगू नका, ही हात जोडून विनंती.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,
पौर्णिमा

अमरावती
७ जुलै २०२५

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

कसं लिहू ते कळत नाही. तीन कागद फाडले.

वच्छलाकाकू जिवंत आहे. हे तुला नवीन नाही, हे आता माझ्या लक्षात आलं आहे. म्हणूनच तू गप्प होतीस. तिच्या नातीचं पत्र आलं आणि मी दुसऱ्या दिवशी एसटीने दर्यापूरला गेले, तिथून जीपने त्यांच्या गावी. पौर्णिमाने घरात सांगितलं की या माझ्या कॉलेजच्या मॅडम.

काकू ओसरीत बसून हाताने चाचपत सोयाबीनचं बियाणं निवडत होती. बारीक, गोरी, कपाळावर गोंदलेलं. माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि अगदी हळू विचारलं, हरिहरची का व. मी मान हलवली. तेवढ्यात तिचा मुलगा श्यामराव आत आला, तर तिने लगेच आवाज बदलून मला विचारलं की मॅडम, चाय साखरेचा चालते ना. तो माणूस चांगला आहे ग. माझ्यासाठी स्वतः खुर्ची आणली, पाऊसपाण्याचं बोलला, आईच्या अंगावर शाल नीट केली. मी त्याच्या घरचा चहा खोट्या ओळखीवर प्यायले. निघताना तिने मला वाकायला सांगितलं आणि कानात म्हणाली, थे माईचं पुसून टाक, माहं नाव येऊ देऊ नोको.

आत्या, मी वर्गात पोरांना शिकवते की समोर दिसतं त्यातून निघणारी एकही शक्यता सोडायची नाही. नोंद नाही, सरण नाही, शेवटचं कुणी पाहिलं नाही. यातून मी विष काढलं, दागिने काढले, जावेचा मत्सर काढला. बाई जिवंत असेल, हे एवढं साधं काढलं नाही. कारण तिच्या नावाने दर वर्षी खीर-वडे वाढलेले मी लहानपणापासून बघत होते. आपल्या घरात पान मांडलं म्हणजे माणूस गेलं, यावर माझा इतका विश्वास होता की मी सगळ्यांवर संशय घेतला, त्या पानावर घेतला नाही.

मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. माझ्या पुस्तकाला लोकांनी चांगलं म्हटलं तेव्हा मी आरशात बघून हसले होते. आता तो चेहरा आठवला की हात धुवावेसे वाटतात. दुसरी आवृत्ती मी थांबवली, प्रकाशक चिडले, चिडू देत. पण पहिली घरोघरी गेली आहे, ती परत कशी आणू? आणि माई निर्दोष होती असं छापायचं तर लोक विचारणार की मग काकू गेली कुठे, आणि तुम्हाला कुणी सांगितलं. माईला सोडवायचं तर काकूला उघडं पाडावं लागतं. काकूला झाकायचं तर माई खुनी राहते. ही गाठ मीच मारली आहे आणि मला ती सुटत नाही.

तू सांगशील तसं करेन. माझ्यावर माया ठेवावी असं लिहायला हात धजत नाही.

अश्लेषा

जठारपेठ, अकोला
१५ जुलै २०२५

चि. अश्लेषा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी देवापुढे दिवा लावला. वच्छलाकाकू आहे, एवढं कळलं. मला ती जिवंत आहे की गेली हेही माहीत नव्हतं. माईने मला शपथ घातली होती, म्हणून मी कधी चौकशी केली नाही.

आता तुला कळलंच आहे तर राहिलेलं ऐक. आप्पाकाका, म्हणजे काकूचा नवरा, बाहेर सत्यनारायण सांगायचा आणि घरी येऊन तिला झोडपायचा. मी लहान होते, मला दाराआडचे आवाज आठवतात. तुझ्या आजोबांना ते ऐकू यायचं आणि ते पोथी मोठ्याने वाचायला लागायचे. माईने शेवटी ठरवलं. आपलं शेत वाहणाऱ्या पुंजारामची मावशी दर्यापूरकडे एकटी राहायची. माईने सगळ्यांना सांगितलं की धाकटीला माहेरपणाला धाडते, तिच्या हातावर गूळ ठेवला आणि पुंजारामच्या छकड्यात बसवून दिलं. पुढे त्या दोघांचं लग्न झालं ते बऱ्याच काळाने, ते माईलाही मागून कळलं.

महिना झाला तसा आप्पाकाका तिला आणायला निघाला. तेव्हा माईने सांगितलं की निरोप आला, ती तापाने गेली. माहेरी आईबाप नव्हते, नुसते लांबचे नातलग, विचारायला कोण जाणार? आजोबांनी विधी केले. नवमी आली तशी दुसरी सवाष्ण आली. माईला त्या स्वयंपाकाला बसावं लागलं. जिवंत माणसाचं श्राद्ध आपण रांधतो हे तिच्या जिवाला लागायचं, म्हणून त्या दिवशी ती स्वतः पाण्याचा घोटही घ्यायची नाही. आम्हाला वाटायचं व्रत आहे. ते बंदही करता येईना. बंद केलं की घरात विचारणार, काय झालं. मला तिने हे इथे, जठारपेठेत, शेवटच्या आजारात सांगितलं. हरिहरला सांगू नको म्हणाली, तो भोळा आहे, बोलून जाईल.

आता समजलं ना, त्या हॉलमध्ये मी बहिरी का झाले? माझ्या तोंडात उत्तर होतं. माई खुनी नव्हती, हे बघा ती बाई कुठे आहे, एवढं म्हटलं की झालं. ते म्हणता आलं नाही. माझी आई माझ्यासमोर बदनाम होत होती आणि मी यंत्राशी चाळा करत होते. तुझी लाज तू लिहिलीस, माझी ही आहे.

तू काही छापू नकोस. माईला आता लोकांच्या बोलण्याचं काही लागत नाही. काकूला लागतं, तिला अजून घरात राहायचं आहे. माई असती तरी तिने हेच सांगितलं असतं. मी सोसेन. फक्त २ तारखेला ये. कार्डं वाटली गेली आहेत. तू आली नाहीस तर बायका आणखी बोलतील. येऊन एवढंच म्हण की थोरली मी मनाने रचली, माझी आजी अशी नव्हती. पुराव्याशिवाय म्हण. निदान माझ्या शेजारी उभी राहून म्हण.

वाट पाहत आहे.

आत्या

अमरावती
२८ जुलै २०२५

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

२ तारखेला मला येता येणार नाही. कॉलेजात घटक चाचणी आहे.

नाही आत्या, चाचणी आहे, पण मला सुट्टी मिळाली असती. मला येववत नाही. ज्योत्स्नाताई मला विचारतील की गुळाची कल्पना तुम्हाला कशी सुचली, आणि टाळ्या वाजतील, आणि तू समोर बसलेली असशील. मी रोज आरशापुढे ते वाक्य म्हणून बघितलं, माझी आजी अशी नव्हती. पुस्तकातला प्रत्येक शब्द मी सहज लिहिला आणि हे एक वाक्य तोंडातून निघत नाही.

ज्योत्स्नाताईंना तब्येतीचं कारण कळवलं आहे. पौर्णिमालाही लिहिलं की २ तारखेला अकोल्याला तुमच्या मंडळात माईबद्दल बोलायचं होतं, ते मला जमलं नाही, आजीची माफी मागते.

मला भित्री म्हण. तेवढं तरी म्हण.

अश्लेषा

जठारपेठ, अकोला
५ ऑगस्ट २०२५

चि. अश्लेषा हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तू आली नाहीस. ती आली.

कार्यक्रम रद्द करायचा नाही, लेखिका नाही तर आपणच चर्चा करू, असं ज्योत्स्नाने ठरवलं. मी जाणार नव्हते. पण माझी खुर्ची रिकामी दिसली तर त्यावरूनच चर्चा होईल म्हणून गेले. चर्चा सुरू झाली. एकीने थोरलीच्या स्वभावाबद्दल सांगितलं, वरून गोड असणारी माणसं कशी असतात त्याबद्दल. मी पंख्याकडे बघत होते.

तेवढ्यात दारात एक तरुण मुलगी आणि तिच्या हाताला धरून एक म्हातारी, अंगावर खणाची चोळी आणि जुनं लुगडं. कुणाला वाटलं वर्गणी मागायला आल्या. ज्योत्स्नाने खुर्ची दिली, तर म्हातारी बसेना. तिने विचारलं की अनसूया कोन व यातली. मी हात वर केला, शाळेतल्यासारखा. तिने जवळ येऊन माझी हनुवटी धरली. तिला नीट दिसत नाही, मला नीट ऐकू येत नाही. मी ओळखलं नाही ग तिला, तिने सांगेपर्यंत ओळखलं नाही.

मग ती तशीच माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांपुढे बोलली. म्हणाली की या पुस्तकातली मेलेली बाई मी आहो. मले कोनं मारलं नाई. माहा नवरा मले मारत होता, अन् हिच्या मायनं मले थ्या घरातून काढलं. जिले तुमी खुनी म्हनून राहिल्या, तिच्यापायी मी जिती आहो. एवढं सांगासाठी आलो. इतकंच बोलली आणि पाणी मागितलं. ज्योत्स्ना उठली, पाणी आणलं आणि तिच्या पाया पडली. नंतर माझ्याकडे आली आणि हात जोडू लागली. मी तिला म्हटलं, राहू दे.

पौर्णिमाने मला बाजूला घेऊन सांगितलं. तुझं पत्र तिने आजीला वाचून दाखवलं होतं. तुला जमलं नाही हे ऐकून म्हातारी २ तारखेला सकाळीच उठून लुगडं नेसली आणि आधी श्यामरावला समोर बसवून स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं, कारण परक्यांना सांगायचं तर पोराला आधी कळलं पाहिजे म्हणाली. त्याने ऐकून घेतलं आणि शेतात निघून गेला. त्या दोघी मग जीपने, पुढे एसटीने आल्या.

रात्री माझ्याकडेच राहिल्या. काकू माईच्या खोलीत झोपली. मला मात्र झोप नव्हती. माईने शब्द घेतला आणि मी तो पाळला, याचा मला फार अभिमान होता अशू. पण मी पाळला म्हणजे काय केलं, तर गप्प बसले. आणि तू घरी बसलीस. आपण दोघी शिकलेल्या बायका आणि जिचं सगळं जाणार होतं ती येऊन बोलली. मला भित्री म्हण म्हणालीस, तर म्हणते. त्यात मलाही धर.

अद्वैतला मी लिहिलं आहे की यंदा नवमीला एकच सवाष्ण सांग. का ते त्याला तू सांग.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

आत्या

ता. दर्यापूर
१७ ऑगस्ट २०२५

अश्लेषाताई, आजी सांगते तसंच लिहिते आहे, एक शब्द बदलू नको म्हणाली. — पौर्णिमा

अश्लेषा बाई, तुले आशीर्वाद.

आमी खुशाल आहो. पानी बरं आलं. सोयाबीन कमरेले लागली.

अनसूयाचं पत्र आलं होतं. तू कॉलेजातून घरी येतं अन् कोनाशी बोलत नाई, लिवनं टाकून देलं, असं थिनं लिवलं. काहून व माय असं करून राहिली? पुस्तक तू वाईट लिवलं नाई. पौर्णिमा वाचे तवा मले पुढचं आयकाची घाई होये. माईचं थे खोटं होतं, थे मी जाऊन सांगून आलो. झालं थे.

श्यामचं इचारशीन, तर थो माह्याशी बोलत नाई. सकाळी माह्या खाटेपाशी पान्याचा तांब्या ठेवते अन् तोंड फिरवून जाते. तांब्या ठेवते ना, मंग बोलन कधीतरी. सून म्हने, आत्याबाई, पह्यलेच सांगतलं असतं तर काय झालं असतं. थिले काय सांगू.

तुमच्या घरी इतले वर्सं माह्या नावानं बाया जेवल्या, थे आयकून मी लय हासलो. खोटी खबर उठली का आयुष्य वाढते म्हनतात, म्हनून मी मरत नसन. पौर्णिमाले भेव वाटते का आता थे जेवन बंद झालं तर आजी जाईन. मले नाई वाटत. जाईन तवा जाईन.

तुले एक गोष्ट सांगतो, थे यांच्या घरातबी कोनाले मालूम नाई. माई अकोल्याले वारली, थ्याची खबर मले तवाच लागली होती. पुंजाराम म्हनत होते, चाल, जीप करतो, दुरून पाहून येऊ. मी नाई म्हटलं. थ्या मान्साइच्या घरी कोन्या तोंडानं जाऊ, थे मले काय म्हनतीन, याची लाज वाटली. जिनं मले जीव देला थिचं तोंड पाहाले मी गेलो नाई. मंडळातल्या बायाईले थे सांगतलं नाई, तुले सांगतो. पोरगं बोलत नाई त्याचं दुख मले तितलं नाई, जितलं थ्या दिवसाचं आहे.

तुले माह्या तोंडापुढे याले लाज वाटते, हे मले समजते. पन मी आता म्हातारी झालो बाई. बैलाचा पोया झाला का ये.

वच्छला